ऐतिहासिक कादंबरीचा प्रारंभ, मराठी

ऐतिहासिक वा बोधपर अद्‌भुतरम्य कादंबरीच्या आरंभीची जी मोजकी वाक्ये वाचकाला त्याच्या वर्तमानातून उचलून कथेच्या काळात नेऊन ठेवतात, त्यांस स्थूलमानाने कादंबरीचा प्रारंभ असे म्हणता येईल. प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि उपोद्‌घात ह्यांहून तो वेगळा होय. तथापि एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीत ही सीमारेषा पुष्कळदा पुसट असते आणि उपोद्‌घात कोठे संपला व कथा कोठे सुरू झाली, हे सांगणे अवघड जाते. अशा कादंबऱ्यांची आरंभवाक्ये रसिकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहतात. कथानकाचे तपशील विसरलेला वाचकही पहिले वाक्य किंवा पहिले दृश्य बिनचूक सांगतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रारंभाला सर्वच कथनप्रकारांत महत्त्व असले, तरी ऐतिहासिक कादंबरीत त्याचे कार्य काहीसे निराळे असते. सामाजिक कादंबरीचा लेखक ‘पुढे काय होणार’ ह्या उत्कंठेवर विसंबू शकतो. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे मृत्यू पावले व रमाबाई सती गेल्या, किंवा १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, ह्या गोष्टी शाळेतच कळलेल्या असतात. ठाऊक असलेला शेवट पुन्हा अज्ञात वाटावा, घडून गेलेले अजून घडायचे आहे असा भास व्हावा, ही किमया लेखकाला पहिल्या पानावरच साधावी लागते. ती साधली नाही, तर उरते ते इतिहासाचे पाठ्यपुस्तक. दुसरे असे, की प्रारंभातच लेखक आणि वाचक ह्यांच्यात सत्याविषयीचा एक अलिखित करार होतो : पुढे येणारे किती घडलेले मानायचे आणि किती कल्पिलेले. हा करार सैल राहिल्यामुळे कल्पित पात्रे ऐतिहासिक म्हणून समाजाच्या स्मृतीत कायमची जाऊन बसल्याची उदाहरणे मराठीत आहेत. त्यांचा परामर्श पुढे घेतला आहे.

कादंबरी हा ग्रंथप्रकार मराठीत नवा असला, तरी कथेचा आरंभ कसा करावा ह्याची मराठी श्रोत्याची जाण नवी नव्हती. आख्यानकवी प्रथम गणेश, मग सरस्वती, गुरू व कुलदैवत ह्यांना वंदन करी आणि नंतरच कथेला हात घाली. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण झाल्यावाचून उत्तररंगातील आख्यान लागत नसे. श्रावणातील कहाणी आटपाट नगरापासून निघे. ते नगर कोठे आहे, असे कोणी विचारीत नसे. हे आरंभ श्रवणासाठी रचलेले होते. श्रोते जमेपर्यंत, सावरून बसेपर्यंत व बोलणे थांबेपर्यंत वेळ जावा, ही त्यांमागील व्यावहारिक गरज होती. मंगलाचरणाचा हा संकेत इतका दृढ होता, की इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात रचलेल्या व १६१६ साली प्रथम मुद्रित झालेल्या क्रिस्तपुराणा लाही तोच दरवाजा घ्यावा लागला. येशूची कथा सांगण्यापूर्वी त्यांनी ओवीबद्ध नमन केले आहे. दैवत बदलले, रीत बदलली नाही. मराठीतील बोधपर कथनाच्या इतिहासात ही गोष्ट लक्षणीय ठरते.

बखरींचा आरंभ देवाबरोबरच धन्याला उद्देशून असे. कृष्णाजी अनंत सभासद ह्याने १६९७ मध्ये जिंजी येथे छत्रपती राजाराम ह्यांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. त्याचा प्रारंभ पत्राच्या धाटणीचा आहे : महाराजांनी आपल्या पित्याचा वृत्तांत मुळापासून लिहिण्यास सांगितले, म्हणून सेवक लिहीत आहे, अशी त्याची भूमिका. ह्या एका संकेताने बखरकार तीन गोष्टी साधतो. लेखनाला अधिकार मिळतो, ऐकणारा ठरतो आणि सांगणारा त्या काळाचा साक्षी असल्याचे सूचित होते. पुढील ऐतिहासिक कादंबरीकारांना बखरींनी घटना पुरविल्या, हे सर्वमान्य आहे. त्यांनी आरंभाचा हा अधिकारही पुरविला, हे सहसा सांगितले जात नाही [⟶ बखर]. पोवाड्याचा आरंभ त्याहून वेगळा. शाहीर नमन करतो, पण लगेच वीराकडे वळतो; डफावर थाप पडल्यानंतर श्रोता फार वेळ थांबत नाही, हे त्याला माहीत असते.

‘कादंबरी’ हे नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकाव्यावरून आले. मराठीप्रमाणे कन्नडमध्येही ते ह्या साहित्यप्रकाराला रूढ झाले. बाणाच्या ग्रंथात आरंभीच्या श्लोकांनंतर शूद्रक राजाचे दीर्घ समासयुक्त वर्णन येते. ते वर्णन म्हणजे जणू राजवाड्याचे महाद्वारच. आत शिरण्यापूर्वी पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहावे लागते. आरंभकालीन मराठी कादंबरीकारांनी नावाबरोबर ही वर्णनाची हौसही उचलली.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः ज्या ग्रंथाचा निर्देश होतो, तो बाबा पदमनजी (१८३१—१९०६) ह्यांचा यमुनापर्यटन (१८५७) हा बोधपर होता. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा ह्या ग्रंथाचा हेतू उपशीर्षकातच स्पष्ट केलेला आहे. म्हणजे वाचकाशी करार पहिल्या वाक्यापूर्वी, मुखपृष्ठावरच झालेला असतो; यमुना व तिचा पती ह्यांचा प्रवास पुढे सुरू होतो तेव्हा तो प्रवास कशासाठी आहे, हे वाचक जाणून असतो. प्रवासाने आरंभ करण्याची ही तऱ्हा ख्रिस्ती बोधकथनात जुनी आहे. जॉन बन्यनच्या १६७८ सालच्या रूपककथेचा आरंभ अरण्यातून चालणाऱ्या निवेदकाला पडलेल्या स्वप्नाने होतो, आणि हरि केशवजी ह्यांनी यात्रिकक्रमण (१८४१) ह्या नावाने तिचा मराठी अनुवाद केला होता. यमुनापर्यटना ला तिच्यापेक्षा भूमी अधिक लागते : त्यातील यात्रा स्वप्नातील नसून महाराष्ट्रातील गावांची आहे, आणि वाटेत भेटणाऱ्या विधवा रूपके नाहीत. ह्या भेदामुळेच त्याला कादंबरी म्हणावयाचे.

ह्यानंतरची कादंबरी मात्र अद्‌भुताकडे वळली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा (१८६८) ह्या त्या परंपरेतील ठळक कृती होत. कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी ह्याच काळात लोकप्रिय होऊ लागल्या होत्या. ह्या कादंबऱ्यांची नगरे आटपाट नगराच्याच जातीची; फरक इतकाच, की ती सुशिक्षितांसाठी संस्कृतप्रचुर भाषेत वसविलेली होती. त्यांतील असंभाव्यतेवर टीकाही लवकरच झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांचा नावल व नाटक ह्यांविषयी निबंध (१८७२) हा कादंबरीचा विचार करणारा मराठीतील आरंभीचा प्रबंध होय. ‘नावल’ हा इंग्रजी शब्द त्या वेळी ‘कादंबरी’च्या बरोबरीने वापरात होता, हे त्याच्या नावावरून कळते.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३—१९०१) ह्यांच्या मोचनगड (१८७१) ह्या कादंबरीने मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. गुंजीकर हे १८६७ मध्ये निघालेल्या विविधज्ञानविस्तार ह्या मासिकाचे आद्य संपादक होते. शिवकालाच्या पार्श्वभूमीवर एका गडाभोवती त्यांनी आपली कथा गुंफली. पात्रे बहुतेक कल्पित, काळ मात्र खरा. आटपाट नगर मागे पडले व सह्याद्रीचा गड पुढे आला. ह्या पालटाचे मोल केवळ वाङ्‌मयीन नाही. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली होती, आणि जे किल्ले आजोबांच्या आठवणीत नांदते होते, ते नातवाच्या डोळ्यांसमोर ओस पडले होते. अशा वाचकापुढे पहिल्याच पानावर एखादा गड पहारेकरी, दरवाजे आणि नौबतीसह पुन्हा उभा करणे, ही त्याच्या मनातील हानीची भरपाई होती.

ह्या नव्या आरंभाला पाश्चात्त्य नमुन्यांचे साहाय्य झाले. सर वॉल्टर स्कॉट ह्याने वेव्हर्ली (१८१४) ह्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीच्या आरंभीच्या प्रकरणात कथा न सांगता शीर्षकाची व काळाच्या निवडीचीच चर्चा केली. आपण काय लिहीत नाही, हे तो प्रथम सांगतो. आयव्हॅन्हो (१८१९) मध्ये त्याने पद्धत बदलली : डॉन नदीकाठचा प्रदेश, अरण्य, मावळता सूर्य आणि त्या प्रकाशात बोलत असलेले दोन सामान्य सेवक. इतिहासातील थोर पुरुष अद्याप दूर असतात. त्यांच्या काळाची हवा मात्र चाकरांच्या संभाषणातून कळते. इटालियन लेखक आलेस्सांद्रो मान्झोनी ह्याने जुने हस्तलिखित सापडल्याचा बहाणा करून १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीत कोमो सरोवराच्या वर्णनापासून प्रारंभ केला. अमेरिकेत ल्यू वॉलेसने बेन-हर (१८८०) ह्या ख्रिस्ती बोधपर ऐतिहासिक कादंबरीत वाळवंटातील डोंगर व उंटावरून येणारा एकाकी प्रवासी ह्यांनी सुरुवात केली. भारतीय भाषांत बंकिमचंद्र चतर्जींच्या दुर्गेशनंदिनी (१८६५) चा आरंभ फार प्रभावी ठरला : ओसाड वाटेने जाणारा एकटा घोडेस्वार, दाटून येणारा अंधार व वादळ, आश्रयासाठी गाठलेले देवालय आणि तेथे भेटलेल्या दोन स्त्रिया. प्रणय आणि इतिहास ह्या दोन्हींची सूत्रे एकाच रात्री, एकाच छपराखाली जुळून येतात.

सांज, वाट, स्वार आणि देऊळ ह्या सामग्रीचा मराठीत लवकरच साचा बनला. त्या साच्याची थट्टा करणे सोपे आहे. पण तो का रुजला, हे पाहिले पाहिजे. मराठी वाचकाला हा प्रदेश कल्पावा लागत नव्हता. कुलाबा जिल्ह्याचे (१ जानेवारी १९८१ पासून रायगड जिल्हा) उदाहरण घेतले, तर पेण व रोहे ह्या तालुक्यांत खाडी, भातखाचरे, दाट रानाचे डोंगर आणि त्यांवरील किल्ले एकमेकांना अगदी लागून आहेत. नागोठणे व रोहे ह्यांच्या दरम्यान निडी हे लहानसे रेल्वेस्थानक आहे. त्या बाजूने रोह्याकडे जाताना कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा, झाडीत दडलेला अवचितगड लागतो. दक्षिणेस घोसाळगड, पूर्वेस पालीजवळ सुधागड व सरसगड, पश्चिमेस अलिबागनजीक सागरगड व समुद्रातील कुलाबा किल्ला, आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाडजवळ खुद्द रायगड. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, तो ह्याच पाली–सुधागडच्या परिसरात. अशा मुलखात राहणाऱ्या वाचकाने डोंगरवाटेवरून दिवेलागणीला जाणारा स्वार वाचला, की तो स्वार त्याच्या ओळखीच्या वाटेवरून जाई. इंग्रज वाचकाला स्कॉटच्या अरण्याविषयी वाटणारी ओढ बरीचशी ग्रंथांतून आलेली होती. इकडे किल्ला घराच्या ओटीवरून दिसत होता.

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या प्रारंभाला खरे सामर्थ्य दिले ते हरि नारायण आपटे (१८६४—१९१९) ह्यांनी. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हैसूरचा वाघ (१८९०) ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. त्यानंतरच्या उषःकाल (१८९५–९७) पासून ते स्वतंत्र वाटेने गेले. ह्या कादंबऱ्या त्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या करमणूक ह्या साप्ताहिकातून क्रमशः येत. क्रमशः प्रकाशनाचा प्रारंभावर दूरगामी परिणाम झाला. ग्रंथाला एकच आरंभ असतो. साप्ताहिकातील कादंबरीला दर आठवड्याला नवा आरंभ करावा लागतो. मागील अंकात कथा कोठे राहिली होती, हे विसरलेल्या वाचकाला हाताला धरून आत न्यावे लागते. हरिभाऊ मधूनमधून ‘वाचक’ असे संबोधून त्याच्याशी बोलतात, त्याची ही एक कारणमीमांसा आहे. दुसरी अशी, की कीर्तनकाराचा सूर त्यांच्या गद्यातून अजून गेलेला नव्हता. करमणूक घरोघर एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, अशा रीतीनेही वाचले जाई. तेव्हा हा सूर अस्थानी नव्हता. आजच्या वाचकाला त्यात पाल्हाळ जाणवतो. तो दोष खराच, पण मोठ्याने वाचून पाहिल्यास तो निम्म्याने कमी होतो.

हरिभाऊंची मुख्य युक्ती म्हणजे थोर ऐतिहासिक पुरुषाला आरंभी मागे ठेवणे. उषःकाला त कथेचा पहिला भार एका कल्पित किल्लेदार घराण्यावर पडतो. आदिलशाहीची निष्ठा आणि स्वराज्याची ओढ ह्यांतील द्वंद्व पिता-पुत्रांच्या नात्यातून उभे राहते. शिवाजी महाराजांचे पुढे काय झाले, हे वाचक जाणतो. ह्या घराचे काय होणार, हे मात्र तो जाणत नाही. ठाऊक असलेल्या इतिहासात न ठाऊक असलेले घर बसवून हरिभाऊंनी उत्कंठेचा प्रश्न सोडविला. वज्राघात (१९१५) मध्ये त्यांनी हीच युक्ती प्रणयाच्या मार्गाने केली. विजयानगरचा नाश १५६५ मध्ये झाला, हे सांगण्याची गरज नव्हती. कादंबरी आरंभीच्या प्रकरणांतच रामराजा आणि मेहेरजान ह्यांच्या प्रेमात वाचकाला गुंतविते, आणि पुढे साम्राज्याचा विध्वंस त्या एका वचनभंगाचे फळ म्हणून दिसू लागतो. इतिहासकार हे कारण मान्य करणार नाही. कादंबरीच्या जगात मात्र ते पहिल्या पानांतच पेरलेले असल्यामुळे अटळ वाटते.

ह्या सामर्थ्याची दुसरी बाजू गड आला पण सिंह गेला (१९०३) ह्या कादंबरीत दिसते. कोंढाणा ४ फेब्रुवारी १६७० रोजी सर करताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडला, ही ह्या कादंबरीतील ऐतिहासिक घटना. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजीला निरोप पोहोचतो, तो उमरठ (ता. पोलादपूर, जि. रायगड) ह्या गावी त्याच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चालू असता. हा पोवाडा अ‍ॅक्‌वर्थ व शाळिग्राम ह्यांच्या संग्रहातून १८९१ मध्ये छापून आला होता आणि लग्नघरी येऊन पडणारा निरोप हा कोणत्याही कादंबरीकाराला मोहात पाडील असा आरंभ होता. हरिभाऊंनी तो प्रसंग ठेवला, परंतु कादंबरीच्या दरवाजात उभी केली ती कमलकुमारी. सती जाण्यास निघालेली ही राजपूत विधवा उदयभानाच्या हाती सापडते, येथून कथेला गती मिळते, आणि गड घेण्याच्या राजकीय कारणाशेजारी एका स्त्रीच्या सुटकेचे नैतिक कारण येऊन बसते. उदयभान ऐतिहासिक आहे. कमलकुमारीला सभासदाच्या बखरीत वा समकालीन कागदांत आधार नाही. तरीही प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ह्या कादंबरीवरून काढलेल्या सिंहगड चित्रपटाने ती घराघरांत पोहोचली आणि पुष्कळांच्या मनात इतिहासातील स्त्री म्हणूनच स्थिर झाली. गडाला सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले, ही समजूतही कादंबरीच्या शीर्षकाने पक्की केली. प्रत्यक्षात १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारात ते नाव आढळते. ह्यात हरिभाऊंना दोष देणे योग्य नाही. ते कादंबरीच लिहीत होते. परंतु पहिल्या प्रकरणाची पकड दस्तऐवजाच्या पुराव्याहून बळकट ठरते, हे ह्यावरून दिसते, आणि इतिहाससंशोधकांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिच्याशी झगडावे लागले.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १९०२ मध्ये लिहिलेल्या ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्‌भुत आणि वास्तव अशा भेदाने ह्या प्रकाराची मीमांसा केली. इतिहासाची साधने गावोगाव हिंडून गोळा करणाऱ्या ह्या संशोधकाला कादंबरी तुच्छ वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हरिभाऊंनंतर नाथमाधव ऊर्फ द्वारकानाथ माधव पितळे (१८८२—१९२८) ह्यांनी ऐतिहासिक व अद्‌भुतरम्य कादंबरी मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेली. शिकारीच्या प्रसंगी कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर ते लेखनाकडे वळले. त्यांच्या कादंबऱ्यांचे आरंभ घोडदौड, पाठलाग आणि अवघड वाटांनी गजबजलेले आहेत, आणि लेखकाची स्थिती माहीत असलेला वाचक ते वेगळ्या मनाने वाचतो. सावळ्या तांडेल मध्ये त्यांनी आरंभाची भूमी डोंगरावरून समुद्रावर नेली, हे त्यांचे वेगळेपण. वि. वा. हडप ह्यांच्या ‘कादंबरीमय पेशवाई’सारख्या मालांमध्ये साचा पूर्णपणे घट्ट झाला, प्रमाण वाढले, नावीन्य राहिले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा साचा मोडला. रणजित देसाई (१९२८—९२) ह्यांची स्वामी (१९६२) व श्रीमान योगी (१९६८) आणि ना. सं. इनामदार (१९२३—२००२) ह्यांच्या झेप (१९६३), शहेनशहा (१९७०) व राऊ (१९७२) ह्या कादंबऱ्यांत ऐतिहासिक पुरुष स्वतःच नायक झाला. कल्पित घराण्याचा आडोसा गेला. त्यामुळे शेवट ठाऊक असण्याची अडचण पुन्हा समोर आली, आणि तिचे उत्तर ह्या पिढीने आरंभीच्या जवळिकीत शोधले. स्वार दूरून येत नाही. वाचकच वाड्यात असतो. पहाट, देवघर, समया, चौकीवरचा पहारा, सेवकांची दबलेली बोलणी ह्यांतून पेशव्याचे वा राजाचे खासगी जग उघडते. रणांगण नंतर, दालन आधी. स्वामी तील माधवराव व रमाबाई ह्यांचे दांपत्यप्रेम थेऊरच्या चितेपर्यंत जाणार, हे माहीत असल्यामुळेच त्यांचे आरंभीचे साधे संवाद हृदयस्पर्शी होतात. ठाऊक असलेला शेवट येथे अडचण न राहता भांडवल बनतो. स्वामी ला १९६४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. ह्या जवळिकीची किंमतही मोजावी लागली : राजकारण, महसूल, सावकारी कर्जे ह्यांना दालनाच्या बाहेर थांबावे लागले, आणि माधवरावांच्या कारकीर्दीत तर तेच प्रश्न सर्वांत बिकट होते.

बोधपर परंपरा ह्याच सुमारास पौराणिक कादंबरीच्या रूपाने पुन्हा प्रकट झाली. वि. स. खांडेकर ह्यांच्या ययाति (१९५९) चा आरंभ नायकाच्या आत्मपरीक्षणाने होतो; आपली कहाणी आपण का सांगत आहोत, हाच त्याचा पहिला प्रश्न आहे. शिवाजी सावंत ह्यांच्या मृत्युंजय (१९६७) मध्ये कर्णही आपली कथा आपणच सांगण्याची इच्छा व्यक्त करून बोलू लागतो. हे आरंभ वाचकांच्या विशेष स्मरणात राहिले आहेत. मंगलाचरणात कवी देवाला आवाहन करी. येथे पुराणपुरुष वाचकाला आवाहन करतो आणि न्याय मागतो. यमुनापर्यटना त बोध लेखकाच्या मुखपृष्ठावर होता, तो आता पात्राच्या तोंडी आला. हरिभाऊंनी पण लक्षात कोण घेतो? (१८९०–९३) ह्या सामाजिक कादंबरीत यमूला स्वतःची कथा बालपणापासून सांगू देऊन ह्या तंत्राचे सामर्थ्य कितीतरी आधी सिद्ध केले होते. ऐतिहासिक कादंबरीत मात्र ते त्यांनी वापरले नाही.

मराठी आरंभवाक्याची एक अडचण भाषेच्या घडणीतूनच येते. आदरार्थी बहुवचनामुळे नायकाचे नाव घेताच लेखकाला निर्णय करावा लागतो : ‘तो आला’ की ‘ते आले’. स्कॉटला वा मान्झोनीला हा प्रश्न कधी पडला नाही. ‘ते’ म्हटल्याने आदर राहतो, परंतु अंतरही राहते; ‘तो’ म्हटल्याने जवळीक येते, पण शिवाजी महाराजांविषयी एकवचन वापरणे मराठी वाचकाला बहुधा खपत नाही. बालपणापासून आरंभ केल्यास आईच्या तोंडचे एकवचन निर्वेध वापरता येते आणि राजा झाल्यावर बहुवचनाकडे सरकता येते. चरित्रात्मक कादंबऱ्या नायकाच्या जन्मापासून वा त्याही आधीपासून सुरू करण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिच्या मुळाशी हे एक कारण असावे. प्रथमपुरुषी निवेदनात हा पेच संभवत नाही. मृत्युंजय चा पी. लाल व नंदिनी नोपानी ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्णाचा ‘मी’ जसाच्या तसा उतरू शकला. पेशव्यांच्या वाड्यातील कथा इंग्रजीत नेताना मात्र ‘श्रीमंत’ ह्या एका संबोधनाने मराठी वाचकापुढे उभे राहणारे मुजरे, झुकलेल्या नजरा आणि दारापाशी थबकलेली पावले अनुवादकाला स्वतंत्र वाक्यांत सांगावी लागतात, आणि त्यामुळे आरंभ लांबतो.